सिस्टर तेच तेच का विचारतात? एका सिस्टरचं उत्तर

मा. संपादक यांस,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका काकांचं पत्र आलं होतं, वडिलांना ॲडमिट केलं तेव्हा कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं, वॉर्डातल्या डॉक्टरांनी परत तेच विचारलं आणि मग सिस्टर कागद घेऊन आल्या त्यांनी तिसऱ्यांदा तेच, काय होतंय, कधीपासून होतंय, शुगर आहे का, बीपी आहे का. काकांचं म्हणणं असं की केसपेपरवर सगळं लिहिलेलं असताना ह्या बायकांना वाचता येत नाही का, आणि म्हाताऱ्या माणसाला किती वेळा बोलायला लावायचं. शेवटी त्यांनी लिहिलंय की हा सगळा टाइमपास आहे.

मी ३३ वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, मेडिसिन, सर्जरी, लहान मुलांचा वॉर्ड, कॅज्युअल्टी सगळीकडे फिरून गेल्या वर्षी रिटायर झाले. काकांचा राग मला समजतो हो. माझे स्वतःचे सासरे ॲडमिट होते तेव्हा मीसुद्धा तिसऱ्या वेळी वैतागले होते. पण टाइमपास हा शब्द काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. पत्र जरा लांबलंय, कापायचं तर कापा, पण मण्यार सापाचा किस्सा तेवढा ठेवा.

पहिली गोष्ट, पेशंट पहिल्या वेळी जे सांगतो ते खरं असतं पण पुरं नसतं. खोटं कोणी मुद्दाम बोलत नाही. साधं उदाहरण देते. साठीच्या एक मावशी ऑपरेशनसाठी आल्या होत्या, केसपेपरवर स्वच्छ लिहिलेलं, तंबाखू नाही. मी विचारलं, मावशी मिश्री लावता का? तर म्हणाल्या, "लावते की गं, दिसातनं चारदा, ती काय तंबाखू हाय व्हय?" आता मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. डॉक्टरांनी विचारलं ते बरोबरच होतं, मावशींनी सांगितलं तेही त्यांच्या हिशोबाने बरोबर होतं, चुकला तो शब्द. मग मी टॉर्च घेऊन तोंड उघडायला लावलं तर डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा, बोटाने पुसला तर जाईना. ऑपरेशन राहिलं बाजूला, आधी दातांच्या ओपीडीला पाठवलं.

असंच सगळं असतं बघा. "औषधं चालू आहेत का?" नाही. "बीपीची गोळी?" ती तर रोजचीच आहे, ते काय औषध का? "दारू घेता?" नाही हो. "संध्याकाळी कधीतरी?" क्वार्टर घेतो फक्त, झोप येत नाही म्हणून. "कशाची ॲलर्जी आहे का?" हा तर सगळ्यात बिनकामाचा प्रश्न, निम्म्या लोकांना ॲलर्जी म्हणजे शिंका येणं एवढंच माहीत. तोच प्रश्न "कुठल्या गोळीने, इंजेक्शनने कधी अंगावर पित्त उठलं होतं का, तोंड सुजलं होतं का" असा विचारा, मग आठवतं, हो हो, मागे गावातल्या डॉक्टरने सुई मारली तेव्हा घसा दाबल्यासारखं झालेलं.

आणि पित्त ह्या शब्दाने तर आमचा जीव खाल्लाय. आपल्याकडे पित्त म्हणजे घशाशी आंबट येणं, पित्त म्हणजे अंगावर गांध्या उठणं, पित्त म्हणजे अर्धं डोकं दुखून उलटी होणं, आणि छातीत दुखून घाम फुटला तरी लोक म्हणतात पित्त झालंय, सोडा पिऊन बघतो. अशा सोडा पिऊन आलेल्या माणसाचा ईसीजी काढल्यावर जे दिसतं त्यानंतर पळापळ होते ती मी किती वेळा पाहिली मोजलं नाही. म्हणून कोणी पित्त म्हटलं की पेन खाली ठेवायचं आणि विचारायचं, म्हणजे नक्की काय होतंय, कुठं होतंय, बोट ठेवून दाखवा. बोटाने एक जागा दाखवणारा वेगळा आणि अख्खी मूठ छातीवर ठेवणारा वेगळा.

खरं तर मराठी माणूस दुखणं फार छान सांगतो, ऐकणारा पाहिजे. कळ येते म्हणाला तर ते येतं आणि जातं, मुतखडा असेल, आतडं असेल. ठणकतंय म्हणाला तर बहुतेक आत पू धरलाय. चमक, उसण, मुरडा, आग, जळजळ, मुंग्या, गोळा येणं, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. लघवीला उन्हाळी लागली हे एका वाक्यात इतकं नेमकं सांगितलेलं असतं की पुढचे चार प्रश्न विचारावेच लागत नाहीत. "अंगावरून जातंय" म्हटलं की विचारायचं लाल का पांढरं. आणि हे सगळं आम्ही कागदावर काय लिहितो? पोट दुखतंय. झालं! आमच्या वॉर्डात केरळच्या दोन सिस्टर होत्या, कामाला वाघ, त्यांनी एका डायरीत हे शब्द मल्याळममध्ये लिहून पाठ केले होते, उन्हाळी, कणकण, घेरी, हुडहुडी, फेफरं. आपल्याच कॉलेजातून पास होणाऱ्या शहरातल्या मुलींना हल्ली कणकण कळत नाही, फीवर आहे का विचारतात आणि आजी नाही म्हणतात, कारण आजीला ताप नाहीये, कणकण आहे.

अर्धांगवायूच्या पेशंटचं असंच. नातेवाईक सांगतात सकाळी सहाला अंगावरून वारं गेलं. सहाला गेलं का सहाला तुम्हाला दिसलं? हा फरक लोकांना किस काढल्यासारखा वाटतो, पण मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. म्हणून आम्ही परत परत विचारतो, रात्री लघवीला उठले होते का, तेव्हा नीट चालले का, कोणी पाहिलं. सून म्हणते मी नाही पाहिलं, मुलगा म्हणतो मी झोपलेलो, आणि मग कोपऱ्यात उभा असलेला नातू सांगतो की आजोबांनी साडेपाचला मला शाळेसाठी उठवलं. म्हणजे वेळ हातात आहे. हे उत्तर तिसऱ्यांदा विचारल्यावर मिळतं काका, पहिल्यांदा नाही.

आता मण्यारीचं. साल २०१६, ऑगस्ट महिना, धो धो पाऊस. पहाटे पाच सव्वापाचला एक १९ वर्षांचा पोरगा आला, शेतावर कामाला होता, पोटात दुखतंय आणि एक उलटी झाली एवढीच तक्रार. ड्यूटीवरचे डॉक्टर चांगले होते, हुशार, त्यांनी विचारलं काल काय खाल्लं, जुलाब आहेत का, काही चावलं बिवलं का, पोरगा नाही म्हणाला, पोट मऊ होतं, पोटदुखीचं इंजेक्शन लिहून दिलं आणि ते दुसऱ्या सिरियस पेशंटकडे गेले. मी इंजेक्शन भरून घेऊन गेले तर पोरगा अर्धवट डोळे मिटून पडलेला. म्हटलं झोप येतेय का रे? तर म्हणाला, "नाही बाई, डोळे उघडंना झालेत." आवाज पण नाकातून आल्यासारखा. मी सुई ट्रेमध्ये परत ठेवली.

विचारलं, रात्री कुठं झोपला होतास? खोपीत. कॉटवर का खाली? खालीच, गोधडी टाकून. रात्रीत काही टोचल्यासारखं झालं? नाही. आणि मग जरा थांबून म्हणाला, कानामागं मुंगी चावल्यागत वाटलं होतं, मी खाजवून परत झोपलो. मी कान पुढे करून बघितलं, सूज नाही, लाली नाही, काहीच नाही, केसांमध्ये दोन बारीक ठिपके असतील नसतील, आजही छातीठोक सांगू शकत नाही. मग त्याला म्हटलं उशीवरून मान उचल. उचलता येईना. एका श्वासात एक दोन तीन म्हणत जा म्हटलं तर अकरापर्यंत गेला आणि अडकला. बघा, ह्या तपासणीला मशीन नाही, रक्त नाही, पैसा नाही, दीड मिनिट लागलं असेल. मी धावत जाऊन डॉक्टरांना म्हटलं सर पापण्या पडतायत, मान उचलत नाही आणि हा खाली झोपला होता. ते पेन टाकून आले.

मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा चावल्याचं कळत पण नाही, आणि पहाटे माणूस पोटदुखी घेऊन येतो. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची टेस्ट केली तर तीही नॉर्मल येते कारण मण्यारीचं विष नसांवर जातं, रक्तावर नाही. सातच्या सुमाराला पोराचा श्वास बंद पडायला लागला, तोपर्यंत सर्पविषाच्या लसीच्या दहा बाटल्या सलाईनमधून चढवून झाल्या होत्या, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत दाबत १०८ च्या अँब्युलन्समधून व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी नेला. नऊ दिवसांनी चालत घरी गेला. श्रेय माझं नाही, निदान डॉक्टरांनीच केलं, औषध त्यांनीच दिलं. पण "काही चावलं का" ह्याला त्याने नाही म्हटलं होतं आणि "कुठं झोपला होतास" ह्याला तो नाही म्हणू शकत नव्हता. प्रश्न तोच, दार वेगळं.

डॉक्टर रोग शोधायला विचारतात, आम्ही माणूस कसा राहतो ते विचारतो, असं माझ्या जुन्या ट्यूटर मॅडम सांगायच्या. रात्री कितीदा उठता, संडास खाली बसायचा आहे का कमोड, घरात जिना आहे का, स्वयंपाक कोण करतं (मीठ कमी खा सांगून डिस्चार्ज देतो आणि घरी सगळ्यांचं एकच कालवण होतं), उपास कुठले धरता. एका आजींची शुगर दर गुरुवारी पहाटेपासून खाली जायची, इन्सुलिन कमी केलं, वाढवलं, सगळे हैराण, शेवटी कळलं की आजी दत्ताचा गुरुवार बुधवारी रात्रीपासूनच धरतात आणि इन्सुलिन मात्र सुनेकडून नेमाने टोचून घेतात. कोणी विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ साली हेच लिहून ठेवलंय की रात्र बरी गेली का असं विचारू नका, किती तास झोप लागली आणि रात्री किती वाजता लागली ते विचारा. दीडशेच्या वर वर्षं झाली आणि आम्ही अजून राऊंडला "कसं वाटतंय, बरंय ना?" म्हणत पुढच्या बेडला जातो. बरंय ना म्हटल्यावर आपल्याकडचा माणूस नाही कसं म्हणेल!

आता दुसरी बाजू, तपासणीची, आणि इथे मी माझ्याच लोकांना बोलणार आहे. काकांना कदाचित बरं वाटेल.

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि मिनिटाला श्वास किती ते लिहायचा कागद, उघडा. ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी, आणि श्वास? २०, २०, २०, २०, मध्येच एखादा १८ चवीला. मी इन्चार्ज असताना एका सकाळी चार्ट पाहिले तर बेड १ ते २६ सगळ्यांचा श्वास २०, त्यातला नऊ नंबरचा पेशंट तर त्या वेळी एक्सरेला गेलेला होता. मी ओरडले पोरींना, पण खरं सांगते, नवीन असताना मी पण हेच केलंय, नाइटला दोघीजणी असायचो तेव्हा पन्नास जणांच्या छातीकडे एकेक मिनिट कोण बघत बसणार. नाडी आणि बीपी मशीन सांगतं, श्वास मात्र माणसानेच मोजायचा, म्हणून तो सगळ्यात आधी उडतो. आणि बिघडतो पण तोच सगळ्यात आधी. बीपी पडायच्या कितीतरी तास आधी श्वास २४, २६, २८ असा चढत असतो. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये वॉर्डातला पेशंट बिघडतोय हे ओळखायचा न्यूज नावाचा स्कोअर काढला, त्यात श्वासाला स्वतःचे मार्क आहेत, २५ किंवा जास्त असेल तर एकदम तीन मार्क, म्हणजे बाकी सगळं ठीक असलं तरी कोणीतरी येऊन बघा.

मोजायची पण पद्धत आहे. पेशंटला सांगायचं नाही की तुमचा श्वास मोजतेय, सांगितलं की तो लगेच शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. मनगट धरायचं, नाडी बघतेय असं दाखवायचं आणि नजर छातीवर किंवा पोटावर, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं म्हणजे एक चुकला की चार चुकले. कोविडमध्ये ह्याची किंमत कळली सगळ्यांना, ऑक्सिजन ७५ आणि माणूस आरामात मोबाइलवर बोलतोय, चेहऱ्यावर काही नाही, पण गाऊन वर करून बघितलं तर पोट भात्यासारखं चाललेलं. आणि ते बोटाला लावायचं मशीन म्हणजे देव नव्हे, काळी मेंदी किंवा गडद नेलपॉलिश असलं, बोट गार पडलं असलं की काहीही आकडा दाखवतं, बोट बदलून बघावं, कानाला लावून बघावं.

ह्या बाबतीत आपल्या महाराष्ट्राने जगाला शिकवलंय हे किती लोकांना माहीत आहे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेत न्यूमोनियाने पोरं मरतायत म्हणून गावातल्या दायांना श्वास मोजायला शिकवलं. लिहिता वाचता न येणाऱ्या बायका, मोठे आकडे येत नाहीत, मग एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं साधन बनवलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. नियम सोपा आहे, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०, एवढं झालं की जोरात चाललाय समजायचं आणि औषध सुरू करायचं. झोपडीत बसून मण्यांवर जे जमलं ते आमच्या ट्यूबलाइटच्या वॉर्डात पदवीवाल्यांना जमत नाही म्हणजे काय म्हणायचं.

हात लावून बघणं पण संपत चाललंय. आपल्याकडे बायका माठ घेताना बोटाने वाजवून बघतात, बद्द आवाज आला की नको म्हणतात. छाती वाजवून बघायची पद्धत पण अशीच आली, व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरने १७६१ मध्ये ती लिहिली, त्याचे वडील खानावळवाले होते आणि दारूचं पिंप कुठवर भरलंय ते बाहेरून टकटक करून सांगायचे म्हणे. फुफ्फुसाभोवती पाणी भरलं की तिथे आवाज बद्द येतो, बस. पोट तपासताना मात्र क्रम उलटा, आधी बघायचं, मग स्टेथोस्कोपने ऐकायचं आणि मग हात लावायचा, कारण आधी दाबलं की आतड्यांचे आवाज बदलतात. २०२१ च्या नव्या बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हेल्थ असेसमेंटचं वेगळं मॉड्यूल आहे, पोरी ते सगळं शिकतात, परीक्षेत पुतळ्यावर करून दाखवतात, आणि ड्यूटीला लागल्यावर पहिल्या महिन्यात विसरतात कारण सिनिअर म्हणते, तू काय डॉक्टर आहेस का? हे मी कानाने ऐकलंय. बोलणारी पण आपलीच.

अजून एक, पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे. पेशंट पांढराफटक पडला, निळा पडला, असं लिहिलेलं असतं, आणि आमच्या समोर उन्हात काम करून रापलेला माणूस. तो निळा कसा दिसणार? त्याची जीभ बघायची, ओठांच्या आतली बाजू बघायची, पांढुरकेपणा खालच्या पापणीत आणि तळहाताच्या रेषांत बघायचा, कावीळ डोळ्यांत आणि ती पण ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीशी नेऊन. शुगरवाल्याचे मोजे काढून बोटांच्या बेचक्या बघायच्या, आणि विचारायचं, चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही असं होतं का? हो म्हणाला तर पाय बधिर झालाय, पुढचं सांगायला नको.

बायकांचं तर काय सांगू. तीस बेडचा वॉर्ड, दोन बेडच्या मध्ये एक स्टूल मावेल एवढी जागा, पडदा असेल तर तो फाटलेला, आणि आम्ही उभ्याने मोठ्या आवाजात विचारणार, पाळी कधी आली होती, पांढरं जातं का, आणि शेजारच्या बेडवरचा अख्खा गोतावळा कान देऊन. ती बाई काय सांगणार? नाही म्हणणार. राणीताई बंगांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, त्यातल्या ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. दुखणं नव्हतं असं नाही, कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी बघितलं नव्हतं. मारहाणीचं तसंच, जिन्यावरून पडले म्हणतात, पण जिन्यावरून पडल्यावर दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वळ उठत नाहीत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात महापालिका आणि सेहत संस्थेने २००० च्या सुमाराला अशा बायकांसाठी दिलासा केंद्र सुरू केलं, तिथे सिस्टर लोकांनाच हे एकांतात कसं विचारायचं ते शिकवलं गेलं. नवऱ्याला औषध आणायला पाठवायचं आणि मग विचारायचं, एवढी साधी युक्ती, पण कोणीतरी सांगावी लागते.

आता काका म्हणतील एवढं सगळं माहीत आहे तर करत का नाही. तर गणित ऐका. दुपारची ड्यूटी दोन ते आठ, म्हणजे ३६० मिनिटं. माझ्या शेवटच्या वॉर्डात दुपारी तीस पेशंटना एक सिस्टर असायची, म्हणजे माणशी १२ मिनिटं. त्या बारा मिनिटांत इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग, रक्त पाठवणं, रिपोर्ट आणणं, औषधांचा इंडेंट (मागणीचा कागद), नातेवाइकांची भांडणं, नवीन ॲडमिशन, आणि सात रजिस्टरं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम साध्या हॉस्पिटलला पाच पेशंटमागे एक आणि मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला तीनमागे एक असा आहे. पाच असते तर माणशी ७२ मिनिटं झाली असती. मग मी प्रत्येकाचा श्वास मोजला असता, मोजे काढून पाय बघितले असते, कानामागे पण बघितलं असतं. त्या दिवशी कॅज्युअल्टीत पहाटे गर्दी नव्हती म्हणून तो पोरगा वाचला, हे मला आजही टोचतं. गर्दी असती तर मी इंजेक्शन देऊन पुढे गेले असते.

तेव्हा काका, तुमच्या वडिलांना तिसऱ्यांदा विचारणारी सिस्टर भेटली ती वाचता येत नाही म्हणून विचारत नव्हती. आणि पुढच्या वेळी याल तेव्हा (येऊच नका खरं तर) घरातल्या सगळ्या गोळ्या, अर्धवट पाकिटं, आयुर्वेदिक बाटल्या, भोंदू बाबाच्या पुड्या पण, सगळं एका पिशवीत भरून आणा. पांढरी गोळी आणि लाल गोळी ह्यावरून आम्हाला काही कळत नाही, दुकानात पांढऱ्या गोळ्या हजार आहेत.

माझं स्वतःचं सांगते आणि थांबते. गेल्या दिवाळीनंतर पित्ताशयाच्या खड्यासाठी मीच ॲडमिट झाले. बावीस तेवीस वर्षांची पोरगी कागद घेऊन आली, मला ओळखत नव्हती, तिने विचारलं, मावशी काही औषधं चालू आहेत का? मी म्हटलं नाही. डॉक्टरांना पण नाहीच सांगितलं होतं. ती लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, चहाच्या आधी काही घेता का?

थायरॉइडची गोळी. सतरा वर्षं घेतेय.

आपली,
एक रिटायर्ड सिस्टर, जि. सांगली

(नाव छापू नका, पेन्शनचे कागद अजून फिरतायत.)